सहल आपल्या चालीची



दिवाळी आटोपली. फराळाचे डबे तळाला गेले, माहेराला आलेल्या लेकी पिशव्या भरून परत गेल्या. आंबे बहार धरणाऱ्यांनी डाळिंबाचं पाणी तोडलं असेल. ज्वारीची कोळपणी झाली असेल. असे चार दिवस जरा सैल आले की घराघरात एक विषय निघतो, "औंदा कुठंतरी जाऊन येऊ."

विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जायचं कुठं?" मग घरातला एक कर्ता माणूस गावाचं नाव सांगतो, दुसरा गाडीवाल्याला फोन लावतो, आणि दोन दिवसांत सगळं ठरून जातं. शेत घेताना आपण माती बघतो, पाणी बघतो, बांधावरचा शेजारी कसा आहे तेही बघतो. बियाणं घेताना चार जणांना विचारतो. आणि वर्षा-दोन वर्षांनी एकदा घराबाहेर पडायचं, त्यात पाच-दहा हजार घालायचे, तर घरात कुणाला काय आवडतं एवढंही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरच्या दहा माणसांनी जीप करून अष्टविनायक केला. दोन दिवसांत आठ गणपती. गाडीवाला म्हणाला, सगळे तसंच करतात. आठ देवळांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि सिद्धटेक तेवढं अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. कागदावर हे सगळं जवळजवळ वाटतं. प्रत्यक्षात मोरगावची रांग, थेऊरची रांग, मग घाट उतरून महाड-पाली, रात्री बाराला जेवण, पहाटे चारला उठून परत घाटावर. लेण्याद्रीला डोंगरातल्या लेण्यात गणपती आहे आणि तिथं पोचायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईचे गुडघे धरलेले. ती पायथ्याला आमच्या चपला राखत बसली आणि खालूनच हात जोडले. आम्ही वर जाऊन धापा टाकत दर्शन घेतलं, धापा टाकत उतरलो आणि गाडीत बसलो. ओझर सोडल्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं. बदलायचं चाकही फुसकं निघालं. गाडीवाला दोन्ही चाकं घेऊन गेला आणि आम्ही दोन तास एका रसवंतीच्या मांडवात बसून राहिलो. मी फार चिडलो होतो. रांजणगाव अंधारात गाठलं आणि घरी आलो तेव्हा पहाटेचा कोंबडा आरवत होता.

पुढच्या वर्षी पुन्हा विषय निघाला तेव्हा आमच्या थोरल्या पुतणीनं, ती कॉलेजात शिकते, एक शहाणपणाची गोष्ट केली. ती म्हणाली, "कुठं जायचं ते मागनं बघू. आधी प्रत्येकानं एवढंच सांगा, मागच्या फेरीत तुम्हाला बरं कधी वाटलं?"

रात्रीची जेवणं झाली होती. ओसरीवर सगळे होते. आई म्हणाली, "रसाच्या मांडवात." आम्ही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "पाय पसरून बसले. त्या बाईनं माझं गाव इचारलं, मी तिचं इचारलं. तिच्या सुनेचं बाळंतपण झालेलं. तेवढं सोडलं तर मला काय बी दिसलं नाय बघ, नुसती माणसांची पाठ दिसली."

दादा म्हणाला, त्याला नारायणगावचा टोमॅटोचा बाजार बघायचा होता. एवढा नावाजलेला बाजार, वाटेवर होता, पण उशीर होतोय म्हणून गाडीवाल्यानं थांबवली नाही. ते त्याच्या मनात वर्षभर राहिलं होतं आणि तो बोलला नव्हता. पोरांना लेण्याद्रीच्या पायऱ्या आवडल्या होत्या, कारण तेवढाच वेळ त्यांना पळायला मिळाला.

वहिनी गप्प होत्या. पुतणीनं दोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला कुठंच बरं वाटलं नाही. निघायच्या दिवशी तीनला उठून साठ दशम्या केल्या. वाटेत वाढलं कुणी, तर मी. मुक्कामाला पोरांचे कपडे पिळले, तेही मीच. मी घरीच होते की. घर तेवढं जीपमधून फिरत होतं."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. माझी बायको खाली मान घालून लसूण सोलत होती, तिनंही मान वर केली नाही, पण दोघींचं एकच मत आहे हे सगळ्यांना कळलं.

तर मंडळी, माणसाची जशी चालायची चाल असते तशी हिंडायचीही एक चाल असते. काही माणसं बसणारी असतात. त्यांना एका जागी नेऊन सोडा, झाड असेल, पाणी असेल, बोलायला एखादं माणूस असेल, की त्यांचा दिवस सोन्याचा. काही बघणारी असतात, त्यांना बाजार हवा, दुसऱ्याचं शेत हवं, धरणाची भिंत हवी. पोरंसोरं चढणारी. आणि काहींना दर्शनाचीच ओढ असते. देव भेटला की त्यांची सहल झाली, मग वाटेत काय दिसलं याचं त्यांना सोयरसुतक नाही. यात कुणी चुकीचं नसतं. चूक होते ती चार चालींच्या माणसांना एकाच गाडीत, एकाच वेगानं पळवलं की. आणि घरातल्या बाईची चाल कुठली हे बहुतेक घरांत कुणाला ठाऊकच नसतं, कारण तिचे हात रिकामे असलेले कुणी बघितलेलेच नसतात.

आपल्या वारीत हे किती नीट बसवलंय बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते ती आषाढी एकादशीला पंढरपुरात. पुण्याहून सासवडचा दिवेघाटाचा टप्पा लांबचा आणि चढाचा, तो सोडला तर टप्पे माणसाला झेपतील असे. रोजचा विसावा ठरलेला, दुपारचं जेवण ठरलेलं, मुक्काम ठरलेला. म्हातारी माणसं त्या वाटेवर टिकतात ती नुसत्या भक्तीवर नव्हे, विसाव्यावरही टिकतात. आपण मात्र जीप भाड्यानं घेतली की विसावा हा शब्दच विसरतो. गाडीचं भाडं चालू आहे ना!

आमच्या ओसरीवर पुढं काय झालं ते सांगतो. "आई, तुला कुठं जायचंय?" असं विचारलं. "मला काय, तुम्ही न्याल तिकडं," असं तिनं दोनदा सांगितलं. म्हातारी माणसं आणि घरातल्या बाया पहिल्यांदा हेच सांगतात. ते खरं धरू नका, तिसऱ्यांदा विचारा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मला समिंदर बघायचाय. पाणी संपतच नाय म्हणत्यात, ते बघायचंय एकदा." आमचा भाग कोरडा. बहात्तर वर्षांची बाई, निम्मं आयुष्य दोन घागरींसाठी विहिरीच्या काठावर नाहीतर टँकरच्या मागं गेलेलं. तिनं समुद्र बघितलेला नाही हे मला माहीत होतं, पण तिला तो बघायचा असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

जागा तिथंच ठरली. पण त्याआधी दोन गोष्टी सोडवायच्या होत्या, आणि शेतकऱ्याच्या घरात जागेपेक्षा त्याच जास्त अवघड असतात. पिकाची सवड आणि गोठा.

पिकाचं वेळापत्रक ज्याचं त्याला कळतं, त्यात मी काय सांगणार? पण सवड कुठं असते हे आपण नीट बघत नाही आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून सगळे एकदमच निघतो, उन्हात आणि गर्दीत. आमच्याकडं आंबे बहाराच्या बागेला नोव्हेंबर-डिसेंबरात ताण असतो. बागेला ताण दिला की माणसाचा ताण थोडा उतरतो. द्राक्षवाल्यांना एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा त्यांनी हलायचं नाव काढू नये. माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी बाग विश्रांती घेते, तेव्हा माणसांनीही घ्यावी. उसाचं क्षेत्र कारखान्याला गेलं, खोडव्याचं पाचट सरीत बसवलं, खत-पाणी दिलं की आठवडा मिळतो. सोयाबीन काढून हरभरा पेरणाऱ्यांना दिवाळीच्या आगेमागे श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यांनी हरभरा घरात आल्यावर बघावं. पाटाच्या पाण्याची पाळी कधी आहे तेही तपासा. पोरांच्या शाळेचे दोन दिवस बुडाले तर आभाळ कोसळत नाही, गुरुजींना आधी सांगून ठेवलं म्हणजे झालं. परीक्षेच्या तोंडावर मात्र नको.

गोठ्याचं तसं नाही. बाग चार दिवस एकटी राहते, म्हैस राहत नाही. आमची म्हैस वहिनींच्या हातावर बसलेली. दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरते. त्यामुळं वहिनी लग्नानंतर सलग तीन रात्री बाहेर राहिलेल्याच नव्हत्या. अष्टविनायकाची एक रात्र सोडली तर माहेरीही एका मुक्कामाला. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंना आम्ही विचारलं. पेरणीला आपण बैलांची सावड करतो, तशी ही धारेची सावड. आमच्या चार दिवसांत तुम्ही आमची म्हैस बघा, तुम्ही जाल तेव्हा आम्ही तुमची गाय बघू. काकू निघण्याआधी दहा दिवस सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. पहिले दोन दिवस नुसतं आंबवण त्यांच्या हातानं ठेवायचं. मग वहिनी धार काढणार, काकू शेजारी उभ्या. मग दोन सडं काकूंनी, दोन वहिनींनी. पाचव्या दिवशी म्हशीनं बादलीला लाथ मारली. तेव्हा काकूंनी वहिनींचं जुनं लुगडं मागून घेतलं आणि ते नेसून धारेला बसल्या. म्हैस फसली की तिला काकूंची कीव आली कोण जाणे, पण पान्हा सोडला. हे लिहितोय ते हसण्यासाठी नाही. ज्या घरात दुभतं जनावर आहे तिथं सहलीची तयारी गोठ्यात सुरू होते, बॅग भरण्यात नाही. वैरण चार दिवसांची कापून ठेवा, पेंडीचं माप डब्यावर खूण करून दाखवा, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहा. आणि विण्याच्या दिवसांतली म्हैस-गाय असेल तर सहल पुढं ढकला, मुकाट्यानं.

आता जागा. कोकणात समुद्राला काय तोटा? पण आम्हाला अशी एकच जागा हवी होती की जिथं एक मुक्काम टाकला की चारी चालींच्या माणसांना आपापलं काही मिळेल. रोज सामान बांधायचं नाही, रोज सकाळी गाडीत कोंबून घ्यायचं नाही. आम्ही रत्नागिरी निवडली. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून एस.टी. जाते. जीप केली नाही. 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, पासष्टीच्या पुढच्यांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून फुकट प्रवास आहे. राज्याच्या हद्दीपुरतं हे चालतं आणि वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ लागतं. आमच्या निम्म्या माणसांची तिकिटं अर्धी झाली. जीपच्या भाड्यातून वाचलेल्या पैशात आम्ही दोन गोष्टी विकत घेतल्या. एक, तळमजल्यावरच्या खोल्या, आईच्या गुडघ्यांसाठी. दोन, दोन्ही वेळची खाणावळ, वहिनींच्या हातांसाठी. घरातून पहिल्या दुपारपुरती भाकरी-चटणी घेतली, ती सुद्धा पुतण्यानं आणि मी बांधली. भाकऱ्या जाड झाल्या होत्या. कुणी काही बोललं नाही.

घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी एक सांगतो. मागच्या बाकावर बसवू नका, पुढं बसवा, निघताना पोट गच्च भरू नका आणि उपाशीही ठेवू नका.

समुद्राला जायचं तर एक हिशेब शिकून घ्या, कोकणातल्या माणसांना तो तोंडपाठ असतो. पंचांग आपल्या प्रत्येक घरात आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, पण डोळस अंदाज आहे. आम्ही पोचलो ती मार्गशीर्ष वद्य पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारभर पाणी चढत येणार. पाण्यात पाय घालायचे ते पाणी चढत असताना, उतरत असताना नाही, आणि तेही गुडघ्यापर्यंत, स्थानिक माणसाला विचारून. आपली पोरं विहिरीत सूर मारणारी. त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं हो! समुद्राचं पाणी ओढून नेतं, आणि ओढीपुढं पट्टीचा पोहणाराही थकतो. गणपतीपुळ्याला देवळासमोर समुद्र किती देखणा दिसतो, पण त्याच पाण्यात घाटावरची कितीतरी तरणी पोरं गेली आहेत. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरूनच नमस्कार करावा.

रत्नागिरीला लागून भाट्ये म्हणून किनारा आहे. लांब, सपाट, सुरूची झाडं. आईला आम्ही तिथं दुपारी दोनला नेलं. तिच्यासाठी एक सतरंजी, पाण्याची बाटली, आणि सोबतीला वहिनी. वहिनींनीच सांगितलं, मी बसते, तुम्ही जा. किनाऱ्याजवळच नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. दादा तिथं गेला आणि नारळाच्या जाती, रोपं, मधली मसाल्याची पिकं बघत तीन तास रमला. त्याच्या खिशात वही असते, ती भरून आणली. डाळिंबाच्या गावात नारळ लावणार आहे का? नाही. पण त्याची चाल बघणाऱ्याची आहे, त्याला तेवढं पुरतं. पोरं रत्नदुर्गावर गेली. किल्ला तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला, आत भगवतीचं देऊळ, जवळ दीपगृह. मी आणि बायको गावात हिंडलो. थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून इथं आणून ठेवलं, 1910 साली त्याच्यासाठी हा वाडा बांधला, आणि 1916 साली तो इथंच वारला. आपला देश त्याला पुन्हा बघायला मिळाला नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म झाला ते घरही गावातच आहे, 1856 साली. बायको म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली, आपण दोघंच असे कुठल्या गावातून कधी चाललो का? मला आठवेना.

पाचला सगळे भाट्यावर परत जमलो. आई होती तिथंच होती. पाणी सतरंजीजवळ आलं तेव्हा दोघी चार पावलं मागं सरकल्या, परत आलं तेव्हा परत सरकल्या, एवढाच त्यांचा प्रवास. मी विचारलं, "कंटाळली नाहीस ना?" ती म्हणाली, "आरं, हे येतंय आन् जातंय, येतंय आन् जातंय. कुणी शेंदत नाय, कुणी भरत नाय." मग म्हणाली, "खारट हाय म्हणं. वहिनीनं चाखलं." वहिनी पदराआड हसत होत्या.

तीन दिवस राहिलो. एक दिवस गणपतीपुळे, आरे-वारेच्या रस्त्यानं. त्या देवळाची प्रदक्षिणा डोंगराभोवतीची असते. पोरांनी घातली, आईनं देवाला सांगून बसून घेतलं. ती माळकरी, तिचं जेवण आम्ही वेगळ्या खाणावळीत ठेवलं. बाकीच्यांनी मासे खाल्ले आणि घरी सांगायचं नाही असं ठरवलं, आता तुम्हीच वाचताय!

तुमच्या घराच्या चाली वेगळ्या असतील. म्हणून दोन-चार जागा सांगून ठेवतो, निवड तुमची. म्हातारी आणि तरणी एकत्र असतील आणि गडाची हौस असेल तर रायगड बघा. 1996 पासून तिथं रोपवे आहे. चढणाऱ्यांनी पायऱ्यांनी यावं, न चढणाऱ्यांनी पाळण्यातून, आणि जगदीश्वराच्या देवळात भेटावं. वणीच्या सप्तशृंगीलाही 2018 पासून रुळावरून वर नेणारी ट्रॉली आहे. वेरूळला कैलास लेणं एकच असं आहे की त्यात बसणाऱ्यानं दिवसभर बसावं. वरून खाली खोदत आणलेला अख्खा डोंगर आहे तो, आठव्या शतकातला. चालणाऱ्यांनी तोवर बाकीची लेणी बघावीत, एकूण चौतीस आहेत, आणि घृष्णेश्वर जवळच आहे. पण मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा. दर आठवड्याला फाटकासमोर कुणीतरी कपाळाला हात लावून उभं असतं. ताडोब्याचा गाभाही मंगळवारी बंद, आणि पावसाळ्याचे तीन महिने बंदच. वाचणारी पोरं असतील तर पाचगणीजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, 2017 पासून, घराघरात पुस्तकं मांडलेली. त्याच बाजूला महाबळेश्वरजवळ मांघर हे मधाचं गाव. दादासारखी बघणारी माणसं असतील तर हिवरे बाजारला जा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत कसा मांडतात ते विचारा.

लांबच्या यात्रेचं थोडक्यात. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, 2024 च्या नोव्हेंबरपासून, पूर्वीसारखं चार महिने नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि गौरीकुंडापासून चढ मोठा. घोडा-डोली मिळते, पण हवा विरळ असते ती घोड्यावरही विरळच. दम्याच्या, छातीच्या माणसाला आधी डॉक्टरांकडं न्या, नोंदणी करा, मगच पैसे भरा. यात्रा कंपनीबरोबर जाणं वाईट नाही. ज्यांना स्वतः काही ठरवायचा ताप नको त्यांना ते फार सोयीचं. पण बसणाऱ्या माणसाला तिथं घालू नका, ती शिट्टी वाजली की उठवतात. पैसे भरण्याआधी विचारा, रोज गाडीत किती तास, खोली कितव्या मजल्यावर, एका खोलीत किती माणसं. उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडं जा.

पैशाचं तुम्हाला शिकवायची माझी योग्यता नाही. एवढंच म्हणतो, पीककर्ज उचललेल्या पैशातून सहल करू नका, आणि ठरवलेल्या रकमेच्या चौथाई वेगळी बांधून वहिनीकडं द्या, तुमच्याकडं नको. आजारपण, चुकलेली गाडी, पोराचा हट्ट, सगळं त्यातून निघतं. उरली तर तिची.

यंदा पाळी आमच्या शेजारच्या काकूंची आहे. ते सगळे मार्गशीर्षात तुळजापूर-अक्कलकोटला निघालेत. त्यांच्या घरी सगळे दर्शनवाले, त्यामुळं ठरवायला वेळ लागला नाही. सावडीप्रमाणं त्यांची गाय आमच्याकडं, आणि वहिनींनी सांगितलं की या वेळी धारेला मी बसायचं, दुसऱ्या कुणी नाही. आठ दिवस झाले आंबवण ठेवतोय. काल दोन सडं मिळाली. आज सकाळी लाथ बसली, मांडीवर, हा लेख तसाच एका अंगावर बसून लिहिलाय. काकूंचं लुगडं मागायचं का, यावर घरात विचार चालू आहे.